वरची फळी

भावोजींची आणि माझी शेवटची भेट परळच्या एका इस्पितळात झाली. मी आत शिरलो तेव्हा डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळेच तोंडाला मास्क लावून त्यांच्याशी बोलत होते आणि भावोजी एकाकडून दुसऱ्याकडे नुसते बघत होते. डॉक्टरांना वाटलं, म्हातारबुवांचं भान सुटत चाललंय. भान चांगलं शाबूत होतं. त्यांना समोरच्याचे ओठ दिसत नव्हते, एवढंच. मास्क माझ्याही तोंडावर होता. त्यांनी हाताने खूण केली आणि म्हणाले, "ता काढ. माका तुझा तोंड दिसाक होया." मी मास्क खाली ओढला तेव्हा कुठे ते हसले. ताई जेवली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान डोलावली... दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. तो नुसता 'मामा' म्हणाला आणि मला कळायचं ते कळलं. त्याला आता महिना उलटून गेला. अजून वाटतं, रविवारी लालबागला जावं आणि त्यांच्या बाहीला हात लावून म्हणावं, आलो हो.

सहदेव भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलोचनाताईचे यजमान. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. मी शाळा सोडून कोकणातून आलो तो त्यांच्याच चाळीतल्या खोलीत राहिलो आणि फणसवाडीतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्यांनीच मला चिकटवून दिलं. साचे सुरू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं कानावर पडणं शक्यच नसे. तिथली माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत आणि तीच सवय घरी घेऊन येत. चाळीच्या गॅलरीत एका टोकाला भावोजी आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या खात्यातले दोस्त उभे राहायचे आणि तोंडातून आवाज न काढता खुशाल गप्पा मारायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची. ताई काही सांगायच्या आधी त्यांच्या बाहीला हात लावायची, मग समोर येऊन बोलायची. मी तेव्हा कोवळा होतो. मला वाटे, काय ही लाडीगोडी!

मग गिरण्यांचा संप आला. पहिले काही महिने सगळे उद्या-परवाच्या बोलीवर होते. पुढे गॅलरीतल्या गप्पा आटल्या, खोल्यांना कुलपं लागू लागली. चाळीतल्या बायकांचं भजन मात्र दर एकादशीच्या संध्याकाळी चालू राहिलं. ताई त्यात पुढे गायची. गळा बारीक, पण गोड. भावोजी संपाआधी पाळीमुळे कधी बसायचे, कधी नाही. आता वेळच वेळ होता, त्यामुळे ते पहिल्या ओळीत बसू लागले. अशाच एका एकादशीनंतर ते मला जिन्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, स्पीकरची पेटी करायची. मी हसलो. म्हटलं, खायची मारामार आणि पेटी कसली करताय? तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी ताय गाता, ता माका दिसता. आवाज माझ्यापर्यंत येना नाय." त्यांची समजूत अशी की, चाळीत गलका फार आणि ताईचा आवाज नाजूक. तो मोठा केला की झालं. लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोचं गाणं आपण धड ऐकलेलं नाही, हे त्यांना संपाने रिकामं बसवल्यावर उमगलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. ते गाणं हवं होतं.

दुकानात एका मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा स्पीकर पडून होता. तो मालकांनी मला दिला. अँप्लिफायर मी जुळवला, माइक जुनापुराणा मिळाला. प्रश्न उरला लाकडाचा. भावोजींनी दादरच्या एका वाण्याकडून चहाची रिकामी पेटी उचलून आणली. मी तिच्यात स्पीकर बसवून दाखवला. पातळ प्लायवूड सगळं भणभणायला लागलं. मी दुकानात नुकताच शिकलो होतो, ते ऐटीत सांगितलं की, पेटीची फळी हलता कामा नये. हलायचं ते स्पीकरने. ती थरथरली की आवाज फुटलाच म्हणून समजा. त्यांनी पेटीवर तळहात ठेवून बघितला. साच्याचं काय बिनसलंय ते खात्यातली माणसं असाच हात ठेवून ओळखत. मग त्यांनी चहाची पेटी मोडून फळ्या खाटेखाली सरकवल्या. चांगलं, जाड, सागवानी लाकूड होतं ते शेजारच्या खोलीतल्या कपाटाचं. तो शेजारी बायकोमुलांना घेऊन गावी गेला होता आणि जाताना म्हणाला होता, कपाट तुमचंच समजा. पण भावोजी त्याला करवत लावेनात. संप मिटेल, माणूस परत येईल, त्याचे कपडे कुठे ठेवायचे? एक दिवस शेजाऱ्याने खोलीच सोडून दिल्याचं कळलं. त्या दुपारी भावोजींनी कपाट गॅलरीत आडवं घातलं.

पेटी मात्र झकास झाली. सांध्यांना सरस, आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, जुन्या गोधडीचं अस्तर. ठोकलं तर भिंतीवर ठोकल्यासारखी. एकादशीच्या आधी चाचणी घेतली तेव्हा साचेखात्यातले सगळे दोस्त जमले. मी रेडिओवरचं भजन पेटीतून लावलं. ते म्हणाले, टाळ कुठे आहेत? शब्द साफ नाहीत. मी बारीक आवाजाचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण थोडं फिरवलं. आणखी, म्हणाले. मला कानाला टोचत होतं, पण एवढी मोठी माणसं एकमुखाने सांगतायत म्हटल्यावर मी बटण शेवटपर्यंत नेलं. शिवाय टाळांसारखे आवाज काढणारा एक छोटा स्पीकरही वर बसवला. तेव्हा कुठे भावोजींचा चेहरा उजळला. आता कसा साफ, असं सगळे एकमेकांना खुणेने म्हणाले.

एकादशीला ताईने माइकसमोर पहिली ओळ धरली, टाळ वाजले आणि गॅलरीत हलकल्लोळ उडाला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज. पोरं रडायला लागली, बायकांनी कानांवर हात ठेवले. समोर मात्र साचेखात्यातली माणसं मांडी घालून, माना डोलावत, तृप्त बसली होती. हळूहळू बायकांचे हात खाली आले. प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याकडे बघत होती. माइक खाली ठेवून ताई भावोजींकडे बघत राहिली आणि त्यांनाही सगळं कळलं. दोष गलक्याचा नव्हता, तिच्या बारीक गळ्याचाही नव्हता. त्यांचे कान गेले होते, सगळ्या खात्याचेच गेले होते आणि ज्या गिरणीत गेले तिचे दरवाजेही बंद होते.

नंतर बरेच दिवस भावोजी भजनाला बसले नाहीत. पेटी कोपऱ्यात, तिच्यावर चादर. मग एकदा मी दुकानातून आलो तो पेटी उघडी, पट्ट्यांचा आधार काढलेला आणि सागाची वरची फळी उखडून भिंतीला टेकवलेली. त्या जागी भावोजी चहाच्या पेटीची फळी ठोकत होते, ज्या फळीला मी नाव ठेवलं होतं तीच! मी चिडलो. म्हटलं, भावोजी, वाट लावलीत पेटीची, ही भणभणणार. ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "भणभणाक होयाच." त्यांनी छोटा स्पीकर काढून टाकला आणि ताईला गायला सांगितलं. ती माझ्याकडे बघून अवघडली, पण गायली. भावोजींनी वरच्या फळीवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. ती ध्रुपदावर आली तेव्हा त्यांची बोटं किंचित हलली. "आता इलो आवाज," ते म्हणाले.

गिरणीत ते परत गेले नाहीत, म्हणजे कोणी बोलावलंच नाही. दादरच्या फुलबाजारात हार ओवायला बसू लागले. त्या कामाला कान लागत नाहीत. चाळ पडली, तिथेच उंच इमारत झाली आणि पेटी लिफ्टने वर गेली. भाच्याने नवा स्पीकर आणून दिला, तो त्यांनी परत त्याच्याच घरी पाठवला. संध्याकाळी दिवा लावला की ताई माइक घेऊन एक अभंग म्हणायची आणि ते फळीवर हात ठेवून बसायचे. कधीतरी मध्येच म्हणायचे, आज घसा बसलाय तुझा, गरम पाणी घे. खरोखर बसलेला असायचा. ताई कौतुकाने आम्हाला सांगायची, ह्यांना हाताने सगळं ऐकू येतं. आमचाही तोच समज होता.

परवा गेलो होतो. दिवेलागण झाली, ताईने दिवा लावला आणि सवयीने माइकची वायर जोडली. मग थांबली. पेटीवरच्या फळीचं पॉलिश एका जागी उडालं आहे, पंजाएवढं. इतक्या वर्षांत त्या जागी दुसऱ्या कोणी हात ठेवला नव्हता, तिने तर नाहीच, तिच्या हातात माइक असायचा. तिने त्या डागावर आपला तळहात ठेवला, डोळे मिटले आणि भावोजींना सापडत होतं ते शोधत, फक्त हाताकडे लक्ष देऊन, एक ओळ म्हटली. दुसरी म्हटली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं,

"इतकोच? ह्यांका इतकोच आवाज येय होतो?"

लाकडाची थरथर किती असते ते मला ठाऊक आहे, जन्म त्यातच गेला. तिने पदराने डोळे पुसले, हात तसाच ठेवला आणि अभंग पहिल्यापासून, थोडा मोठ्याने, पुन्हा सुरू केला.