बद्रीनाथने न लिहिलेलं माप

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर पिवळट उजेड आहे. एप्रिल महिना, साल दोन हजार एकोणीस, संध्याकाळचे साडेपाच. पुंडलिकनगरातलं दहा बाय बाराचं शिलाईचं दुकान. डाव्या हाताला पायमशीन, उजव्या हाताला मान नसलेला पुतळा आणि त्याच्या अंगावर अर्धवट शिवलेली शेरवानी. मागच्या भिंतीला पाठ टेकवून एक सव्वीस वर्षांची मुलगी अनवाणी, ताठ उभी आहे. तिच्या दोन्ही मांड्यांच्या मधे पुठ्ठ्याची जाड वही आडवी सरकवलेली आहे आणि ती वही घट्ट धरून तिची आई, गीताबाई, खाली बसली आहे. समोर गुडघ्यांवर वाकलेला, कानावर पेन्सिल आणि गळ्यात टेप असलेला माणूस म्हणजे आपला नायक, बद्रीनाथ टेलर. कोपऱ्यातल्या स्टुलावर मी. ब्लाऊज सैल करून घ्यायला आले होते, पण एकदा स्टूल मिळालं की मी प्रेक्षक होते, जुनी खोड.

माप कपड्यांचं चाललेलं नव्हतं. सायकलचं चाललं होतं.

मुलगी स्वराली, बद्रीनाथची एकुलती एक. हे नाव मीच सुचवलेलं. वाळूजच्या एका कारखान्यात ती इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी माणसाने झोपावं तर ही पहाटे उठून लासूर स्टेशनला सायकलवर जाऊन येते. कधी सोलापूर रस्त्याने पाचोडला, म्हणजे बापाच्या गावाला. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या शर्यतीही करते. त्यात कुणाला हरवायचं नसतं, ठरल्या वेळात नुसतं पोचायचं असतं. पण ऐंशी किलोमीटर झाले की तिची कंबर धरायची. दोन सायकली बदलून झाल्या होत्या. शेवटी तिने ठरवलं की आता आपल्या अंगाची सायकल करून घ्यायची.

पुण्यात हिमांशू नावाचा एक कारागीर टायटॅनियमच्या नळ्या कापून, जोडून एकेका माणसासाठी सायकलचा सांगाडा बनवतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. टायटॅनियमच का, हेही तिने समजावलं. त्याला गंज नाही, रंगाची गरज नाही आणि बीड बायपाससारख्या उखडलेल्या रस्त्याचा हादरा तो धातू बराचसा आपल्यातच जिरवतो. महिनाभर तिची निवड चालली होती. टायर किती रुंद बसावेत, हँडल किती वर हवं, पाण्याच्या बाटल्या किती. बाटल्यांच्या जागा तिने तीन सांगितल्या. आदल्या वर्षीपर्यंत रस्त्यावरचा कुठलाही हॉटेलवाला बाटली भरून द्यायचा. त्या उन्हाळ्यात ते माठावर झाकण दाबून "बंद बाटली घ्या" म्हणायला लागले होते.

हिमांशूने एक कागद पाठवला होता. हाताची लांबी, धडाची लांबी, खांद्यांची रुंदी आणि पायाची आतली उंची, डावी वेगळी आणि उजवी वेगळी. कागदाच्या खाली लिहिलं होतं की माप सरावाच्या हाताने घ्यावं. स्वराली बापाकडे बघून हसत म्हणाली होती की शहरात अण्णांपेक्षा सरावाचा हात कुणाचा?

त्या संध्याकाळी उजव्या पायाचं माप झालं. बद्रीनाथने आकडा मोठ्याने सांगितला, तीस. आता डावा. तेवढ्यात गल्लीत हाकाटी झाली, नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी आलेलं पाणी अर्धा तास टिकेल का पाऊण, हे कुणालाच ठाऊक नसायचं. गीताबाईंनी वही तिथेच टाकली आणि त्या बादल्यांकडे धावल्या. स्वरालीही धावली. जाताना म्हणाली, "अण्णा, डावा राहिला."

"मला पाठ हाय, तू जा," बद्रीनाथ म्हणाला.

त्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. कागदावर हात धरून तो चांगलाच वेळ उभा राहिला. वाक्य विसरलेला नट उभा राहतो तसा. मग त्याने लिहिलं. मी वाकून बघितलं तर डावा, तीस.

बद्रीनाथ कोण, हे इथे सांगायला हवं. पाचोडहून विशीत शहरात आला, गुलमंडीजवळ एका मास्तरांच्या हाताखाली शिकला आणि पुढे आमच्या नाट्यसंस्थेचे कपडे त्याने बावीस वर्षं शिवले. मास्तरांनी त्याला पहिल्या दिवशी एक नियम घालून दिला होता. अंगातली खोट वहीत लिहायची नाही, कारण गिऱ्हाईक वही वाचतं. खोट डोक्यात ठेवायची आणि कापडात भरून काढायची. पोक असेल तर पाठीला अस्तर जास्त, एक हात आखूड असेल तर त्या बाहीची दुमड मोठी. माणूस आरशात उभं राहिलं की सरळ दिसलं पाहिजे, बस. बद्रीनाथने आयुष्यभर हा नियम देवासारखा पाळला.

दोन दिवसांनी, गुरुवारी, हिमांशूचा फोन आला. तोही मी तिथे असतानाच, कारण ब्लाऊज अजून झाला नव्हता. स्पीकर लावलेला फोन मशीनवर ठेवून बद्रीनाथ मोठ्या आवाजात बोलत होता.

"काका, एक विचारू? डावा आणि उजवा अगदी सारखाच आहे? नक्की?"

"व्हय. सारखाच."

"मग ठीक. सोमवारी सकाळी नळ्या कापायला घेतो."

शिवणीत जास्तीचं कापड दाबून ठेवायची सवय असलेल्या बद्रीनाथने विचारलं, "आत माया किती सोडता तुमी?"

मग तो मुलगा म्हणाला, "काका, यात माया सोडता येत नाही. कापलं ते कापलं. आणि एकदा जोडलं की उसवता येत नाही, वाकवताही येत नाही."

फोन ठेवल्यावर बद्रीनाथचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी त्याने शेरवानीच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. शुक्रवारी एका शर्टाला खिसा उलटा लावला. गीताबाई मला म्हणाल्या की हे जेवत नाहीत, नुसते टेप बोटाला गुंडाळतात आणि सोडतात.

शनिवारी दुपारी, रस्त्यावर टँकरशिवाय काही हलत नव्हतं अशा उन्हात, तो माझ्या घरी आला. पाणी प्यायला आणि पेला हातातच धरून बसला.

"बाई, पोरीचा डावा पाय अर्धा इंच कमी हाय."

मग त्याने सांगितलं. दोन हजार दोन साली स्पर्धेच्या प्रयोगाच्या दिवशी माझा शालू तो सायकलवर घेऊन निघाला होता. तिसरी घंटा व्हायला पाऊण तास होता. कॅरिअरवर नऊ वर्षांची स्वराली, तिच्या मांडीवर शालूचं गाठोडं. क्रांती चौकाच्या उतारावर गाठोड्यातून पदर सुटला, चाकात गेला, पोरगी पडली, मांडीचं हाड मोडलं. शालू कुणाच्या तरी हाती वेळेवर माझ्याकडे पोचला. मी तो नेसले आणि टाळ्याही घेतल्या. नंतर पोरीला बघायला गेले, बिस्किटं नेली. पाय बरा झाला, चालायला लागली, एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरांनी मात्र बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वाढत्या वयात हाड मोडलं, पाय थोडा आखूड राहील, लक्षात ठेवा. त्याने लक्षात ठेवलं. बायकोला सांगितलं नाही, पोरीला तर नाहीच. चौथीच्या गणवेशापासून पुढे प्रत्येक सलवार, प्रत्येक पँट त्याने अशी शिवली की पायाशी दोन्ही मोऱ्या जमिनीपासून सारख्या दिसाव्यात. तयार कपडा तिने कधी घेतलाच, तर "दे, जरा फिटिंग करतो" म्हणून रात्रीतून सारखा करायचा. सतरा वर्षं.

मी म्हटलं, "अरे, मग आजच सांग. कागदावरचा आकडा बदलायचा, एवढंच. त्यात एवढं काय आहे?"

त्याने पेल्याकडे बघतच विचारलं, "बाई, तुमचा उजवा खांदा उतरलेला हाय. म्हाईत होतं तुमाला?"

नव्हतं. मी राण्या केल्या, पाटलिणी केल्या. समीक्षकांनी माझ्या उभं राहण्यावर लिहिलं, ती कात्रणं अजून कपाटात आहेत. आणि सत्तराव्या वर्षी मला कळत होतं की तो ताठपणा अर्धा बद्रीनाथने खांद्यात भरलेल्या कापसाचा होता. मी उठून आरशासमोर गेले. खांदा खरंच उतरलेला होता. मला राग आला. राग खांद्याचा नव्हता. आजवर ज्या ज्या प्रयोगाचा मला अभिमान होता, त्या प्रत्येकात हा माणूस विंगेत उभा राहून हे जाणून होता, त्याचा होता.

तो माझ्याकडेच बघत होता. "आता कळलं? तुमी परक्या हाव, तरी एवढं लागलं. ती माझी पोरगी हाय."

सोमवार सकाळपर्यंत एक रविवार उरला होता. निघताना दारात त्याने एवढंच मागितलं की उद्या तुम्ही दुकानात या, नुसत्या बसा.

रविवारी स्वराली लासूर स्टेशनहून परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. नेहमीप्रमाणे ती दुकानाच्या फरशीवर आडवी झाली, कंबर गार करायला. बद्रीनाथने शटर अर्धं खाली ओढलं, गीताबाईंना बोलावलं, पुठ्ठ्याची वही त्यांच्या हातात दिली आणि स्वरालीला म्हणाला की उठ, माप परत घ्यायचं आहे. मी बोलतो, तू लिही. ती कुरकुरली की झालंय की एकदा. पण उठली, भिंतीला टेकली. कागद तिने पुतळ्याच्या छातीवर धरला.

"उजवा, तीस."

तिने लिहिलं.

तो डाव्या पायाकडे सरकला. टेपचं टोक टाचेशी लावलं. वर अंगठा धरला. आणि थांबला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता, कुणीतरी कुणाच्या तरी हंड्यावरून भांडत होतं. नाटकात असं झालं की विंगेतून शब्द पुरवायचे असतात. मी जीभ दाताखाली धरली. हा शब्द त्याचा होता.

"डावा, साडेएकोणतीस."

"परत बघा अण्णा. टेप सरकली."

"परत बघून काय व्हनार? सतरा वर्षं बघतोय."

मग त्याने खाली बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. चाक, पदर, डॉक्टर, गणवेश. गीताबाई वही मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. स्वरालीने हळूहळू एकेक गोष्ट मोजायला सुरुवात केली. दोन वर्षं कमरेला पट्टा बांधला तो. बरोबरचे म्हणायचे तुझा व्यायाम कमी पडतो, म्हणून पहाटे चारला उठून व्यायाम केला तो. तीनशेच्या शर्यतीत वीस किलोमीटर राहिले असताना रस्त्याच्या कडेला बसून रडली ते. आवाज चढला नव्हता, पण पेन्सिल तिने इतकी दाबून धरली होती की टोक मोडलं.

"मला कुणी लंगडी म्हणेल, याची भीती होती तुम्हाला?"

"तू स्वतःला म्हनशील याची."

तिने टोक मोडलेली पेन्सिल मशीनवर ठेवली. मग तिने हिमांशूला फोन लावला. तीन वेळा लागला नाही. त्या तीन वेळांत बद्रीनाथने टेप एवढी ओढली की टोकाची पितळी पट्टी सुटून हातात आली. चौथ्यांदा लागला. स्वरालीने दोन आकडे सांगितले. पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला.

"बरं झालं सांगितलंत. दोन्ही पाय अगदी सारखे असलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पण काकांनी ठाम सांगितल्यावर मी काय बोलणार? उद्या आठला मशीन लावणार होतो."

त्याने तिला पुण्याला यायला सांगितलं. अर्ध्या इंचाचा फरक बुटाखाली पट्टी देऊन बराच भरून निघतो, पण इतकी वर्षं ती कंबर एका बाजूला टाकून बसत आली आहे, त्यामुळे वरच्या नळीची लांबी आणि हँडलची उंची सगळंच पुन्हा काढावं लागेल, असं तो म्हणाला. ती पुढच्या शनिवारी गेली. बापाशी तोवर चार शब्दसुद्धा बोलली नव्हती. परत आल्यावर तिने आईला, बाप ऐकेल अशा आवाजात सांगितलं की तिथे यंत्राने माप घेतलं, आकडे तेच निघाले, तीस आणि साडेएकोणतीस. बद्रीनाथने त्या दिवशी पोटभर जेवण केलं, असं गीताबाईंकडून कळलं. त्या स्वतः मात्र त्याच्याशी दिवाळीपर्यंत जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

खोकं जुलैत आलं. पाऊस तेव्हाही वाकुल्याच दाखवत होता. आतून निघाला तो सांगाडा राखेने घासलेल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यासारखा करडा, बिनरंगाचा. मला तर काही खास वाटला नाही. बद्रीनाथने मात्र प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला आणि शिलाई बारीक आहे, असा निर्वाळा दिला. स्वराली त्यावर पाचोडला जाऊन आली. दुखलं का, मी विचारलं. निम्मं कमी आहे, म्हणाली. बाकीच्या निम्म्याला वेळ लागेल. तिने आणखी एक केलं. बाजारातून तयार पँट आणली आणि बापाच्या हाती न देता तशीच घातली. डावी मोरी जमिनीला टेकत होती. ती पँट घालून ती दोन महिने रोज दुकानावरून कामाला जायची आणि बद्रीनाथ मशीनवरून मान वर करायचा नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी स्टुलावर होते तेव्हा ती कापड घेऊन आली. निळं, साधं. गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाली, सलवार शिवायची आहे. बद्रीनाथ उठला. टेप घेतली, वाकला, उजवा मोजला, डावा मोजला. कानावरची पेन्सिल काढून त्याने मापाची वही उघडली, लिहिलं आणि वही फिरवून तिच्या पुढ्यात सरकवली.

"डावी अर्धा इंच कमी. लिवलंय बघ. वाचून घे."