धुळ्यात सत्कार, सावद्यात दुरुस्ती

जळगाव स्टेशनवर प्रोफेसर उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक लहान बॅग आणि एक उन्हाची टोपी होती. डिसेंबरची सकाळ होती, फलाटावरचे लोक कानटोप्या घालून उभे होते. प्रोफेसरांनी उन्हाची टोपी घातली. घरून तसं बजावलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

वय एक्क्याऐंशी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणी कामगाराचा मुलगा. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग विभागप्रमुख, मग तिथल्याच एका विद्यापीठाचे बारा वर्षं कुलगुरू. पिकणारं फळ जो वायू सोडतं, तो अगदी थोडा असला तरी मोजण्याची रीत त्यांच्या नावावर आहे. पुढची पदं त्या रीतीमुळे मिळाली. धुळ्याच्या कॉलेजात त्यांचा सत्कार होता; मी दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर होतो.

गाडीने एरंडोल मागे टाकल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं.

"ती रीत माझी नाही. सावद्याहून माझ्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची आहे. वडील आजारी पडले म्हणून तो घरी गेला आणि परतला नाही. मी ती माझ्या नावाने छापली. धुळ्यात हे जाहीर सांगायचं, मग त्याला भेटायचं."

गाडी चालवणारे भाऊ धुळ्याचे. साहेब काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"इतला दूर तेच सांगाले उना (आला)?" भाऊ म्हणाले आणि पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

पारोळ्याला एका ढाब्यावर शेवभाजी घेतली. प्रोफेसर वाटी उचलून रस्सा सूपसारखा प्यायले. पुढची दहा मिनिटं ते नाक पुसत होते. नंतर त्यांनी आणखी एक वाटी मागितली.

धुळ्याच्या कॉलेजात शाल, श्रीफळ आणि फेटा तयार होता. फेट्यासाठी टोपी काढावी लागली. प्राचार्यांनी पाहुण्यांचा परिचय वाचला; त्यात ती रीत चार वेळा आली. प्रोफेसर उभे राहिले. त्यांचं वाक्य मी शब्दशः मराठीत सांगितलं: "ही रीत माझी नव्हती. माझ्या विद्यार्थ्याची होती. मी ती घेतली."

प्राचार्यांनी माईक घेतला. "बघा, विद्यार्थीमित्रहो! एवढा मोठा माणूस, पण अहंकाराचा लवलेश नाही. सगळं श्रेय विद्यार्थ्याला!"

टाळ्या झाल्या.

"ते टाळ्या का वाजवतायत?" प्रोफेसरांनी मला विचारलं. मी कारण सांगितलं. ते पुन्हा माईकपाशी गेले. "मी चोरी केली," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. या वेळी टाळ्या जास्त वेळ चालल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

बाहेर भाऊ गाडीला टेकून उभे होते. "बठ्ठा (सगळे) पाहुणा असंच बोलतस," ते म्हणाले. "कोणी खरं धरत नही."

दुसऱ्या दिवशी जळगाव, भुसावळ करत सावद्याला पोचलो. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच होती. त्या विद्यार्थ्याला आता गावात नाना म्हणतात. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. केळी पिकवण्याच्या त्यांच्या सहा खोल्या आहेत. ते ट्रक भरून घेत होते. "या सर," म्हणाले आणि ट्रक पुरा भरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

घरी त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, पाहुण्यांना नीट न्याहाळलं.

"नाना, हाच का तो?"

"हाच."

"इतक्या वरसानं आठोन आली का याले?"

"आधी जेवू दे त्याले, अक्का."

वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) होती. प्रोफेसरांना दोनच घास गेले. पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाना जेवत राहिले.

"माहीत आहे, सर. ती रीत छापलेला अंक मी तेव्हाच मागवला होता."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कोणाला लिहिणार? तोवर विभागप्रमुख तुम्हीच झाला होतात."

प्रोफेसरांनी बॅगेतून त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र काढलं. नानांनी हात धुतले, चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि खिशातलं पेन काढलं.

"'त्याने मोलाची मदत केली', हे वाक्य काढा."

"मग काय लिहू?"

"काम मी केलं. मदत तुम्ही केली. काचेची नळी तुम्ही फुंकून दिली होती. तेवढं लिहा."

प्रोफेसरांनी विचार केला. "दोन नळ्या," ते म्हणाले.

"एक फुटली होती, सर."

प्रोफेसरांनी एक लिहिली. सही केली. नानांनी मोबाइलवर पत्राचा फोटो काढला, संपादकांचा पत्ता टाकला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "पाठवायचं तुम्ही."

त्यांनी बोट टेकवलं. पत्र गेल्याचं नानांनी बघून घेतलं, मग पुन्हा एकदा बघितलं. नंतर बराच वेळ ते चष्मा पुसत बसले.

"झालं ना?" अक्का म्हणाल्या. "आता पोटभर जेव म्हना त्याले."

या वेळी प्रोफेसरांनी भाकरी संपवली.

संध्याकाळी भुसावळ स्टेशनवर परतीची गाडी यायला अवकाश होता. ते पत्र छापून आलं, तर यांची अर्धी कारकीर्द नव्याने लिहावी लागेल, असा विचार माझ्या मनात आला. आता तुमच्या नावावर काय राहिलं, असं मी विचारलं.

प्रोफेसरांनी प्रश्न गांभीर्याने घेतला.

"कुलगुरू असताना मी प्राध्यापकांची पार्किंगवरची भांडणं मिटवली," ते म्हणाले. "त्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही."