काजळी खरवडून मामाच्या वाडीकडे

सकाळी सातला बिरवाडीतून निघालो. मागच्या सीटवर बसता बसता आई म्हणाली, "आज दादाला खाली पाठवल्याबिगर मी ऱ्हायची नाय."

दादा म्हणजे माझा मामा. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत तो आणि त्याच्या चार म्हशी, एवढंच बिऱ्हाड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की फोनवर ठरलेलं उत्तर, "गुरं कोण बघंल?" वाडीपर्यंत एसटी जात नाही आणि आईच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. राहिली माझी मोटारसायकल.

महाडपासून पोलादपूरपर्यंत हायवेवर ती छान पळाली. वाडीचा चढ लागला आणि इंजिन आतून टकटक करू लागलं, मागे निळसर धूर. पहिल्याच वळणावर गाडी दमली. आई उतरून वीसेक पावलं चालली आणि दगडावर टेकली. "तू हो पुढं," ती म्हणाली. पण मी एकटा जाऊन काय उपयोग? मामा ऐकणार तर तिचंच. गाडी वळवली.

पोलादपुरात एका पिंपळाखाली गॅरेज सापडलं. पन्नाशीतल्या मिस्त्रींनी आवाज ऐकला. "थंड होऊ दे. तोवर वडापाव खाऊन घ्या."

तासाभराने त्यांनी इंजिनाचं डोकं उघडलं. पिस्टनवर काळा, टणक थर, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा.

"टाकीत काय ओतता?"

"पेट्रोल. आणि दर वेळी थोडं ऑइल. इंजिन टिकतं म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"मामाने. त्याच्या जुन्या गाडीत तो घालायचा."

"ती टू-स्ट्रोक असणार, तिला लागायचं. हिचं ऑइल खाली वेगळं असतं. वरून ओतलेलं नुसतं जळतं आणि इथं बसतं. शिक्षण काय झालं?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

मिस्त्री पान्हा खाली ठेवून हसले. "मग जळल्यावर काय उरतं ते मी शिकवू?"

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. कारखान्याच्या लॅबमध्ये तपासल्याशिवाय मी एक थेंब पुढे जाऊ देत नाही. पण मामाचा शब्द तपासावा, हे कधी मनातच आलं नव्हतं.

भरपाई म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेऊन थर खरवडायला बसलो. मिस्त्रींनी तो हिसकावला. "ॲल्युमिनियम हाय ते! ओरखडा पडला की काजळी तिथंच धरते." त्यांनी रॉकेलची चिंधी आणि कामटी (बांबूची पातळ पट्टी) हातात दिली. दोन मिनिटं आईने पाहिलं.

"दे इकडं. आयुष्यात एक टोप घासला नायस."

"मावशी, तुम्ही बसा."

"बसून काय करू?"

चुलीवरची भांडी घासलेला हात तो. ना घाई, ना जोर. तासाभरात पिस्टन चकचकीत झाला. व्हॉल्व्ह साफ करणारे मिस्त्री म्हणाले, "मावशी, उद्यापासून कामावर या."

"आधी दादाला धाडते, मग बघू."

नवीन पॅकिंग बसलं, टाकीत नुसतं पेट्रोल पडलं. दुपारी पुन्हा तोच चढ. करवंदीच्या जाळ्या, खाली नदीची वळणं. मी मात्र कान इंजिनाला लावून होतो. एकदाही टकटक नाही. आई शेवटपर्यंत सीटवरून उतरली नाही.

मामा अंगणात बसला होता. आई चार हात अंतरावर जाऊन उभी राहिली. तो मान तिरकी करून बघत म्हणाला, "कोण हाय?"

"बहीण समोर उभी आणि कोण म्हणून विचारतोस?"

मामा गडबडून उठला. "तू आलीस कशी गो, बाय?"

"ते सोड. पिशवी भर. म्हशी मी बघते."

"आणि तुझे गुडघे?"

"शेजारीण हाय मदतीला. तू डोळ्यांचं बघ."

मामा गोठ्यात जाऊन चारही म्हशींच्या पाठीवरून हात फिरवून आला. मग आत जाऊन त्याने धुतलेलं धोतर नेसलं. नाचणीची भाकरी आणि ताक घेऊन आम्ही दोघे निघालो, आई मागे राहिली.

उतारावर मामाने माझा खांदा घट्ट धरला होता. मी एकेक सांगत होतो, इथे ओढा आला, इथे वळण, समोर पोलादपूर दिसतंय. महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं मन फिरू नये, म्हणून मी उगाच जास्तच बोलत होतो.

"आता तू सांग रे," मामा कानाशी म्हणाला. "येताना मी सांगीन."