अकरा मीटरवर

रचनाला राग लवकर येत नाही. पण आला की तो वर्षानुवर्षं टिकतो. गोंदियातल्या एका कॉलेजची नेटवर्कची तक्रार नागपूरच्या तिच्या दुरुस्ती एजन्सीत आली, तेव्हा जाण्याची पाळी सहकारी दामिनीची होती. रचनाने ती मागून घेतली.

"तू काऊन जाऊन राहिली?" दामिनीने विचारलं.

"तिथं माझं काम बाकी हाय."

याच कॉलेजात रचना सहा वर्षं लॅब असिस्टंट होती. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी लॅबच्या मागच्या खोलीतले वीस कॉम्प्युटर असे रखडले की पोरं रडकुंडीला आली. लॅबप्रमुख लोकेंद्र सरांनी सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट दाखवलं. म्हणे, हिनंच केबल हलवली. 'निष्काळजीपणा' असं कागदावर लिहून तिला काढलं. तिचे वडील सौंदड गावाहून हात जोडायला आले, तर सरांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. तो शब्द गावभर झाला आणि वर्षभर तिला गोंदियात कोणी उभं केलं नाही. मग तिने नागपूर गाठलं आणि हेच काम मुळापासून शिकून घेतलं. रागाने शिकलेलं माणूस विसरत नाही.

तिला दारात पाहून लोकेंद्र सर जरा गडबडले. मग हसले. "अरे रचना, तू? बैठ, चाय मंगाता हूँ."

"चहा नको सर. स्विचचा पासवर्ड सांगा."

मागच्या खोलीतला स्विच, म्हणजे वीसही कॉम्प्युटरच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा, तिने लॅपटॉपवर उघडला. ऑफिसातून येणाऱ्या मुख्य केबलसमोर हजार दिसायला हवा होता, तिथे शंभर दिसत होता. केबलमध्ये आठ तारा असतात. आठही धड असल्या तर हजाराचा वेग, चारच चालल्या तर शंभर. त्या शंभरावर वीस कॉम्प्युटर गुजराण करत होते. तिने केबलची तपासणी लावली. हा स्विच तार तुटली एवढंच सांगत नाही, किती अंतरावर तुटली तेही सांगतो. चार तारा तुटलेल्या, आणि चारही स्विचपासून अकरा मीटरवर. उंदीर इतकं मोजून कुरतडत नाही.

अकरा मीटरवर काय आहे, हे रचनाला बसल्या जागी कळलं होतं. पण ती बोलली नाही. तिने प्राचार्य ईश्वरदास सरांना बोलावून घेतलं, आणि मोजायच्या टेपचं एक टोक स्विचपाशी लोकेंद्र सरांच्या हातात दिलं.

"घट्ट धरा, सर."

टेप भिंतीच्या कडेने निघाली, दाराची चौकट चढली, उतरली, आणि अकरा मीटर भरले ते लोकेंद्र सरांच्या कॅबिनमध्ये, टेबलाखालच्या सॉकेटपाशी. रचनाने सॉकेट खोललं. लॅबच्या केबलमधल्या चार तारा कापून सरांच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. उरलेल्या चार पुढे लॅबकडे गेल्या होत्या. ऑफिसच्या टोकालाही तीच कलाकुसर निघाली.

"हे कोणी केलं?" ईश्वरदास सरांनी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या शिपाई सावित्रीबाईंनीच सांगून टाकलं, "सायबानं. चार सालाआंधी, त्या परीक्षेच्या आठ दिवस आंधी. नवी केबल ओढायचा कंटाडा आला म्हने. मीच टेबल सरकवून देल्लं."

प्राचार्यांनी लोकेंद्र सरांकडे पाहिलं. सर खाली पाहू लागले. रचनाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तिने चारही तारा लॅबला परत जोडल्या. स्विचवर हजार उमटला.

"माझ्या कॅबिनचं नेट?" सरांनी हळूच विचारलं.

"त्याची वेगळी तक्रार टाका. नंबर लागला की येईल कोणीतरी."

ती रिपोर्ट लिहायला बसली, तसे सर जवळ आले. आवाज अगदी खाली.

"'जुनी केबल' लिही ना. माझं नाव कायले टाकून राहिली? एवढ्यानं लॅबचं नेट हडू चालेल, मले खरंच माहीत नव्हतं."

तो माणूस खरं बोलत होता, हे तिला कळलं. चार वर्षं ती त्याला कारस्थानी समजत होती. निघाला नुसता अडाणी. त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही, उलट भडकला.

तिने कारणाच्या रकान्यात त्याचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि कागद सहीसाठी ईश्वरदास सरांपुढे सरकवला.

"मलेबी माहीत नव्हतं, सर," ती लोकेंद्र सरांना म्हणाली. "पन काढलं मले."