मशीनकडे वळवलेला कूलर

पांढरकवड्याच्या आमच्या गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे भांडं उतरायच्या आधी सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त राजदीपच्या खोलीत काय चालतं, ते कोणाला धड सांगता येत नाही. हैदराबादच्या कंपनीचे संगणक तो घरबसल्या सांभाळतो. पण त्या मे महिन्यात घरचीच मशीन अडून बसली होती.

त्याची आई इंदूबाई फेब्रुवारीत गेली. अक्षर न शिकलेल्या त्या बाईनं गल्लीतल्या लेकरांच्या बारशाला स्वतः पाळणे रचले होते, बापांच्या खोड्यांसकट. असे एकेचाळीस पाळणे राजदीपनं तिच्याच आवाजात घरच्या लिनक्स संगणकात ठेवलेले. दुसरीकडे कुठेच नाही. जगाच्या फायलींच्या नकला ठेवणाऱ्या या शहाण्यानं आईची ठेवली नव्हती.

एप्रिलात तो एकेका पाळण्यातली खरखर काढून मूळ फाइलवरच पुन्हा साठवू लागला, आणि मशीन पडायला लागली. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, सगळं ठप्प. कर्नल म्हणजे संगणकाचा मुकादम. डिस्क, मेमरी, सगळ्यांना कामाला लावणारा. तोच भर कामात कोसळत होता.

“आजबी पडली का रे?” शेजारच्या विमलताईंनी कुंपणावरून विचारलं. “तुह्या बायकोसारखी माहेरी धाड तिले चार दिस.”

“तिचं माहेर तैवानात हाय, काकू.”

हसला तो, पण आत येऊन सुन्न बसला. दर पडझडीचा फोटो त्यानं मोबाइलवर काढला होता. अकरा फोटो झाले. एकात डिस्कचं नाव, दुसऱ्यात नेटवर्कचं, तिसऱ्यात भलत्याचंच. एकच प्रोग्राम गुन्हेगार असता, तर तेच नाव पुन्हा पुन्हा आलं असतं. कर्नलची जुनी आवृत्ती चालवून पाहिली, तीही पडली. तेव्हा तो मनाशी म्हणाला, दोष मेमरीत आहे. आणि मेमरीच खोटं बोलत असेल, तर तिच्यातून डिस्कवर साठवलेला आवाज तरी खरा कशावरून? त्यानं डिस्क काढून कपाटात ठेवली आणि मेमरीची तपासणी लावली. पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला.

संगणकाचा डबा उघडला तर मेमरीच्या पट्ट्यांवरचे सोनेरी दात हिरवट पडलेले. आत सगळीकडे क्षारांची पांढरी पुटं.

दारात त्याचे वडील बळीराम बादली घेऊन उभे होते. एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस. इंदूबाई गेल्यापासून रोज सकाळी बोअरचं पाणी कूलरमध्ये भरायचे आणि कूलरचं तोंड मशीनकडे करायचे. स्वतः घामानं निथळत पलीकडे बसायचे.

“कायनं झालं?”

राजदीपला खोटं सुचेना. “ओल गेली आत, बाबा. गंज चढला.”

बळीरामांनी कूलरकडे पाहिलं, मग बादली खाली ठेवली. “तिचा आवाज हाय त्यात. मले वाटलं, तापू नये.”

 राजदीपनं खोडरबरानं दात घासले, एकेक पट्टी वेगळी तपासली, जी निर्दोष निघाली तेवढीच लावली आणि डिस्क जोडली. मशीन दिवसभर पडली नाही. संध्याकाळी बापलेक पाळणे ऐकायला बसले. चाळीस धड निघाले. शेवटचा, राजदीपची लेक पायल हिचा, एका पडझडीच्या वेळी साठवला जात होता. दुसऱ्या कडव्यात इंदूबाईनं श्वास घेतला आणि पुढं काहीच नाही.



“विमलकाकूले पुढचं येत असंल,” राजदीप म्हणाला. “त्या बारशाले होत्या. त्यायच्याकडून म्हणवून जोडू का?”

“नको.” बळीरामांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “लेकीले इचारू दे कधी, आजी इथं काहून थांबली म्हणून. मी सांगीन तिले, माह्या हातानं झालं.”

राजदीपनं एकेचाळीसही फायलींच्या तीन नकला केल्या. अर्ध्या पाळण्याचीही.