दुसरी फेरी, फार तर तिसरी

"दुसरी फेरी म्हणालात तुम्ही. दुसरी! फार तर तिसरी."

"लवर्न, मी म्हणालो होतो, सगळं नीट जुळलं तर."

"खोटं. त्यात 'तर' नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात बसून, मी भाजलेलं गोड पीच कॉबलर खात म्हणालात. दोनदा वाढून घेतलंत."

"कॉबलर चांगलं होतं."

"वेन्डेल क्राट्झ, मला लाडीगोडी लावू नका. तीन दिवस टीव्हीसमोर बसलोय आम्ही. सात फेऱ्या. अडीचशेच्या वर पोरांची नावं पुकारली. कोण कुठला तो पाय वाकडे टाकणारा आयडाहोचा मुलगा, त्याचंही नाव आलं. माझ्या जेरेलचं नाही!"

मी कॉफीचे दोन मग हातात धरून दारातच उभी राहिले. पुढे जावं की मागे, कळेना. मामा खिडकीबाहेर नदीकडे बघत होते. गुडघ्यांवर दोन्ही हात. मोठे, चपटे हात.

वेन्डेल क्राट्झ हे माझ्या आईचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं त्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजची पोरं हेरली. दर वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीव्हीवर दाखवतात त्या सात फेऱ्यांच्या निवडीत, व्यावसायिक संघ अशी पोरं उचलतात; जितकी आधीची फेरी, तितका मोठा करार. ओहायो, पेनसिल्वेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीचा वरचा तुकडा एवढा त्यांचा मुलूख. गाडीत उशी, घोंगडी, खारे शेंगदाणे आणि एक दुर्बीण. आयरीन मामी म्हणायच्या, "माझं लग्न मोटेलच्या साबणांशी झालंय. घरी येतात ते तेवढेच नियमित." मामी गेल्या तेव्हाही मामा मॉर्गनटाउनच्या कुठल्याशा मैदानावर होते. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. मी सांगते, कारण ते न सांगता मामांविषयी सांगणं अपुरं राहील.

मामांचं काम एका वाक्याचं होतं. या पोराचं पुढे काय होईल? पिवळ्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर ते बारीक अक्षरात लिहायचे. 'हात सोन्याचा. पाय हाताच्या आधी घाबरतात.' 'आईला भेटलो. आई जास्त कणखर.' 'हरल्यावर पाणी वाटत फिरला. घ्या.' निवृत्त होऊन गावात परत आले, तर गावाने त्यांना ज्योतिषीच करून टाकलं. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या जेवणात, पेट्रोल भरताना तोच प्रश्न. "वेन्डेल, आपला क्वार्टरबॅक कुठल्या फेरीत जाईल?"

आणि आपला क्वार्टरबॅक, आमच्या कॉलेजच्या संघात चेंडू फेकणारा मुख्य गडी, म्हणजे जेरेल पेटिग्रू. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या लवर्नचा एकुलता एक. सहा फूट तीन इंच, आणि चेंडू असा फेकायचा की पकडणाऱ्याची बोटं सुन्न व्हायची.

मामांचा एक नियम होता. सामन्याच्या दोन तास आधी जायचं आणि चेंडूकडे पाठ करून बसायचं. "चेंडू काय, आकाशातून सगळ्यांनाच दिसतो," ते म्हणायचे. "पोरगा कुणाकडे बघतो ते बघायचं. घाबरला की कुणाकडे बघतो, चुकला की कुणाकडे बघतो." टीव्हीवरचा सामना ते बघायचेच नाहीत. त्यात माणूस दिसत नाही म्हणे.

पण मामा गावात परतले तेव्हा जेरेल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि मामांचे गुडघे गेले होते. स्टेडियमच्या पायऱ्या म्हणजे डोंगर. थंडी तर विचारूच नका. मीच म्हटलं, "मामा, कशाला तडफडता? जुन्या ओळखीने त्याच्या सामन्यांच्या व्हिडिओ फिती मागवा. मी लॅपटॉपवर लावून देते." मीच शिकवलं त्यांना, कुठलं बटण दाबायचं. गरम मोज्यांत पाय घालून त्यांनी जेरेलच्या चारशे फेकी पाहिल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. माझ्यावर खूश होते.

हेरांसाठीच्या त्या फिती कापलेल्या असतात. खेळाडू रांगेत उभे राहिले की सुरू, शिट्टी वाजली की बंद. मधलं सगळं जातं.

जानेवारीत लवर्नने त्यांना जेवायला बोलावलं. कॉलेजचं एक वर्ष बाकी होतं. पण ड्राफ्टला नाव द्यायचं तर मुदत चार दिवसांवर, आणि एकदा नाव दिलं की कॉलेजच्या संघाचं दार कायमचं बंद. "थांबू की जाऊ?" जेरेलने विचारलं. मामांनी चमचा खाली ठेवला आणि ते वाक्य म्हणाले. दुसरी फेरी, फार तर तिसरी.

मार्चमध्ये संघांच्या मुलाखती झाल्या. पहिल्याच खोलीत एका कोचने चौदा शब्दांची एक चाल वाचून दाखवली आणि म्हणाला, "हं. समज तुझे दहा गडी तुझ्याभोवती गोल करून वाकलेत. सांग त्यांना." जेरेलने चार शब्द सांगितले. मग थांबला. दुसऱ्या खोलीत पाच. तिसऱ्या खोलीपर्यंत बातमी त्याच्याआधी पोचली होती.

कारण आमच्या कॉलेजात गोल करून वाकतच नाहीत. मैदानाच्या कडेला दोन पोरं मोठाल्या पाट्या उंच धरतात. एकीवर कोंबडा, एकीवर ट्रॅक्टर, एकीवर पिझ्झाचा तुकडा, एकीवर बूट. सगळा संघ मान वळवून बघतो आणि चाल कळते. तीन वर्षं जेरेलने एकही चाल तोंडाने पुकारली नव्हती. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. कोंबडा वर गेला की आम्ही स्टँडात बसून आरवायचो! मीसुद्धा. गावात फक्त कापलेल्या फिती बघणाऱ्या एका माणसाला हे माहीत नव्हतं, आणि गावाने विचारलं ते त्याच माणसाला.

"कॉफी थंड होतेय, मार्नी," मामा शेवटी म्हणाले.

"कॉफी गेली खड्ड्यात," लवर्न म्हणाली. मग मला, "सॉरी, बाळ." मग पुन्हा त्यांना, आणि आवाज एकदम खाली आला. "ऐका. मी भांडायला नाही आले. म्हणजे, आले. पण तेवढ्यासाठीच नाही. काल एका संघाचा फोन आला. तीन दिवस येऊन खेळून दाखव म्हणतात, पुढच्या शुक्रवारी. करार नाही, काही नाही, नुसतं दाखव. तो जात नाही म्हणतोय. उद्यापासून माझ्या भावाबरोबर छपरं घालायला जाणार. त्याला वाटतंय आपल्यात काही नव्हतंच, सगळे उगाच म्हणत होते. तुम्ही सांगा त्याला. खरं काय ते सांगा. बाहेर ट्रकमध्ये बसलाय."

"माझं ऐकेल तो?"

"माझं तर ऐकत नाही."

जेरेल आत आला तो चौकटीला डोकं लागू नये म्हणून किंचित वाकून. टोपी काढून हातात घेतली. "मिस्टर क्राट्झ," म्हणाला. बसला नाही.

"बस."

"ठीक आहे असाच."

"जेरेल, तुझा हात चांगला आहे. एकतीस वर्षांत असे हात मी सहा-सात पाहिले."

"हो. ते लिहिलं होतं सगळ्यांनी."

"पुकारणं शिकता येतं. ती नुसती भाषा आहे. दहा दिवस आहेत. रोज सकाळी इथे ये, मी शिकवतो. छपरं नंतरही घालता येतील."

जेरेलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "एक विचारू? तुम्ही माझे किती सामने पाहिलेत?"

"चारशे फेकी पाहिल्या. एकेक फेक दहा-दहा वेळा."

"सामने, मिस्टर क्राट्झ. आई म्हणाली होती, ते लपून येतात, वर कोपऱ्यात बसतात, कुणाला कळू देत नाहीत. मी प्रत्येक सामन्याआधी त्या कोपऱ्याकडे बघायचो."

लवर्नने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीकडे.

मामांना खोटं बोलता आलं असतं. एक 'दोन-तीन' म्हटलं असतं तर भागलं असतं. मला तर वाटत होतं, म्हणा मामा, म्हणून टाका.

"एकही नाही," ते म्हणाले. "गुडघे दुखत होते. घरी बसून पाहिलं. तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी तसं सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मला... लोक विचारत होते ते बरं वाटत होतं."

"वेन्डेल," लवर्न म्हणाली. नुसतंच.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं," जेरेल म्हणाला. रागाने नाही. एखादा पत्ता पुन्हा विचारून घ्यावा तसं.

"नव्हतं."

"आणि आता?"

"आताही नाही. तू जमवशील की नाही, मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं सांगतोय. पण हात मी पाहिलाय. तेवढं खरं आहे. आणि पुकारायला मी शिकवू शकतो, तेही खरं." मामा खुर्चीचे हात धरून उठले. उठायला बराच वेळ लागला, आणि कुणीही मदतीला पुढे झालं नाही. "सकाळी सात वाजता. येशील, पोरा?"

जेरेलने टोपी डोक्यावर घातली. आईच्या खांद्याला हलकेच हात लावला, माझ्याकडे बघून निरोपादाखल मान हलवली, जाताना चौकटीखाली पुन्हा वाकला, आणि बाहेर गेला. जाळीचं दार त्याच्या मागे दोनदा आपटून थांबलं.