नऊ, नऊ-ए आणि चार सेंटिमीटर

वसंताने घडवलेल्या लाकडी विमानाच्या पाटीवरचे नाव बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी मी जेसल पार्कहून वरसाव्याला निघालो. वसंता माझा जुना मित्र. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. दृष्टी मंदावल्यामुळे हे त्याचे शेवटचे मॉडेल होते आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या शाळेला भेट द्यायचे होते.

या वाटेने जाणाऱ्यांनी काशीमिऱ्यापर्यंत बस घ्यावी, स्वस्त पडते. तिथल्या हॉटेलांतला वडा गरम असेल तरच मागावा. पुढे रिक्षा. "काका, ब्रिज पे जाम है, टाइम लगेगा," रिक्षावाल्याने आधीच सांगितले. शेजारी ट्रकांची रांग उभी होती. सगळे एकसारखे वाटले. चाके मोजू लागल्यावर एकही दुसऱ्यासारखा निघाला नाही.

वसंताचे विमान टेबलावर तयार होते. डी.एच. म्हणजे पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने, वरखाली दोन पंखांची. डी.एच. चार, नऊ आणि नऊ-ए ओळखताना लोक एकाच खुणेवर विसंबतात आणि फसतात. नाक मोटारीच्या जाळीसारखे सपाट, म्हणून नऊ-ए म्हणावे, तर चारचेही तसेच. वैमानिक आणि निरीक्षक जवळजवळ बसतात म्हणून म्हणावे, तर नऊमध्येही तसेच. तर्काच्या न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात: खूण नको तिथेही लागू पडते. दोन्ही एकत्र आढळल्या, तरच नऊ-ए.

इथे दोन्ही होत्या. "झालं! शैला, पाटी आण," वसंता बायकोला म्हणाला.

मी पंख मोजायला घेतले. नऊ-एचे पंख नऊपेक्षा लांब असतात; त्या मापाला हे सुमारे चार सेंटिमीटर तोकडे होते.

कारण लगेच उलगडले. वसंताकडे साध्या नऊचाही आराखडा होता. त्याच्या दोन पानांवर त्याने, आपण इमारतींना देतो तसे, 'नऊ अ' आणि 'नऊ ब' असे लिहून ठेवले होते. पंख कापताना 'नऊ अ' हे पान त्याने नऊ-ए विमानाचे समजून उचलले.

"भावजी, चार सेंटिमीटर मोजणार कोण? तुम्ही सोडून?" शैलावहिनी म्हणाल्या.

"पोरं मोजणार. म्हणून तर शाळेत देतोय," वसंताच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "नुसतं नऊ लिहू?"

"मग नाक चुकते. नऊचे टोकदार असते."

"चार?"

"त्यात माणसे लांब बसतात."

"म्हणजे असलं विमान कधी उडालंच नाही, असंच ना?"

"असे नाही उडाले."

नवे पंख कापण्याइतके त्याला आता दिसत नव्हते. त्याने दोन्ही पंखांवरून हात फिरवला. "पंख काढ," शेवटी म्हणाला. "माझ्याने नाही व्हायचं, तू काढ. ही विमानं खोक्यांतून यायची तेव्हा असंच धड वेगळं यायचं ना?"

मी सांधे सोडवले. वहिनींनी नवी पाटी लिहिली: 'डी.एच. नऊ-ए, पंख जोडण्यापूर्वी.' या विधानात मला दोष काढता आला नाही.

पंख वसंताने माझ्याकडे दिले. परतताना मांडीवर ते इतके हलके होते, की प्रत्येक खड्ड्याला मी हात आवळत होतो.

माझा निष्कर्ष आजही तोच आहे. शाळेत चुकीची पाटी जाऊ नये, हे वसंतालाही मान्य होते. पण घरी पंख टेबलावर ठेवल्यावर लक्षात आले, की मी ते फक्त नऊ-एच्या मापाने तपासले होते. साध्या नऊच्या मापाने तपासलेच नव्हते. पुन्हा पट्टी घेतली. प्रत्येक फासळी जागच्या जागी होती.

मी फोन लावला. "वसंता, नऊचे पंख म्हणून हे बिनचूक आहेत."

तो फोनपासून दूर होऊन ओरडला, "शैला, ऐकलंस का?"